अर्ध्या पुलाचं अधिवेशन

"चहा टाकू का?" वहिनींनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"नाही," भाऊ वर्तमानपत्रामागून म्हणाले.

वहिनींनी चहा टाकला आणि भाऊंनी तो गरम गरम पिऊन टाकला. दोघांनाही यात काही वावगं वाटलं नाही. भाऊंच्या 'नाही'चा अर्थ 'नाही' असा नसतो, हे वहिनींना लग्नानंतर पहिल्या आठवड्यातच उमगलं होतं. भाऊ आमदार होते, आणि आमदार झाले त्या दिवसापासून विरोधी पक्षात होते. माणूस तरुणपणापासून ज्या बाकावर बसतो त्या बाकाचा आकार त्याला येतो. भाऊंच्या जिभेला 'नाही'चा आकार आला होता.

वहिनींची त्याबद्दल तक्रार नव्हती. उलट विरोधी पक्षाचे ते दिवस आठवले की त्यांना बरं वाटायचं. तेव्हा भाऊ सकाळी सभागृहात जात, दुपारी सभात्याग करत आणि चहाच्या वेळेला घरी असत. रेडिओवर 'विरोधकांचा सभात्याग' असं ऐकलं की वहिनी भाजी चिरायला घेत. कधी कधी मार्शल भाऊंना उचलून बाहेर आणत. ते मार्शलही घरच्यासारखे झाले होते. एकाच्या कमरेत भाऊंना उचलताना उसण भरली, तेव्हा वहिनींनी त्याच्या घरी शेकायची पिशवी पाठवली होती. आता मात्र भाऊंचा पक्ष सत्तेत आला होता आणि सभात्याग बंद झाला होता. स्वतःच्याच सरकारातून उठून माणूस जाणार कुठे? भाऊ संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहत आणि घरी येऊन गार भाजी खात.

अधिवेशन अर्थसंकल्पाचं होतं आणि ते संपत आलं होतं. काम तेवढं सुरू व्हायचं होतं. पहिला आठवडा कुणी कुठं बसायचं यात गेला, कारण जुने मंत्री सवयीनं उजवीकडे जाऊन बसले आणि नव्या मंत्र्यांनाही सवयीनं डावीकडेच बरं वाटलं. अध्यक्षांनी सगळ्यांना उठवलं तेव्हा दोन्ही बाजू मधल्या वाटेत एकमेकांवर आदळल्या. दुसरा आठवडा त्या आदळण्याचा निषेध करण्यात गेला. मग ध्वनिक्षेपक बिघडला. कोण काय बोलतंय हे कुणालाच कळेना, त्यामुळे तेवढे दिवस फार सलोख्यात पार पडले. आता शेवटचे काही दिवस उरले होते आणि अख्ख्या राज्याचा जमाखर्च त्यात कोंबायचा होता.

त्या जमाखर्चात एक पूल होता.

वहिनींचं सासर नदीच्या अलीकडच्या काठावर आणि माहेर पलीकडच्या, अगदी समोरासमोर. आईनं आज कुठली चादर वाळत घातली आहे ते वहिनींना सासरच्या दारातून दिसे. पण आईला भेटायचं तर अर्ध्या दिवसाचा वळसा घ्या, नाही तर गळक्या होडीत बसा. होडीवाला वल्ही मारी आणि पाणी उपसायचा डबा प्रवाशांच्या हातात देई. लग्नाच्या बोलणीत भाऊंनी "पूल तर होणारच आहे" असं सांगितलं होतं, आणि त्या भरवशावर आईनं मुलगी दिली होती. आता आई इतकी थकली होती की होडीत पाय टाकणं तिला जमत नव्हतं, आणि वहिनींचे गुडघेही होडीत बसले की उठायला तयार नसत. आईचा फोन मात्र न चुकता येई.

"काय गं, जावयांचा पूल कुठवर आला?"

"कागदावर आलाय, आई."

"मग कागदाची होडी कर आणि ये त्यात बसून."

यंदा तो पहिल्यांदाच खरोखर छापून आला होता. नुसता मंजूर व्हायचा होता. आई आहे तोवर व्हायला हवा, एवढंच वहिनींचं म्हणणं होतं.

चहाचा कप विसळून होतो न होतो तोच राजधानीतल्या आमदार निवासातल्या त्यांच्या दारात पक्षाचे प्रतोद आले. प्रतोद म्हणजे आपल्या आमदारांना मोजून मापून मतदानाला हजर ठेवणारा माणूस. हे प्रतोद इतके काळजीत असत की झोपेतही बोटं मोजत, असं त्यांची बायको सांगायची.

"वहिनी, भाऊंनी काल घोटाळा केला," ते बसायच्या आधीच म्हणाले.

"काय केलं?"

"पक्षाची बैठक होती. मुख्यमंत्र्यांनी विचारलं, आपला अर्थसंकल्प आपल्याला मंजूर आहे ना? भाऊ म्हणाले, नाही."

"सवय आहे हो त्यांना. मनात काही नसतं."

"ते आम्हाला माहीत आहे. पण भाऊ म्हणाले म्हणून सगळी बैठक म्हणाली, नाही. अर्थमंत्रीसुद्धा म्हणाले."

वहिनींना लगेच लक्षात आलं. सभागृहात मतदान होतं ते आवाजानं. अध्यक्ष विचारतात, "अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे," आणि मग, "प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे." जिकडे आवाज मोठा तिकडे निकाल. कुणाला तो पटला नाही तर उभं राहून मोजणी मागता येते. आता अध्यक्ष काय वाचतायत ते ऐकत कोण बसतो? कुणी डुलकीत असतो, कुणी शेजाऱ्याशी बोलत असतो. पण भाऊंचा आवाज पोटातून निघायचा, छताला लागून परत यायचा आणि त्याबरोबर अख्खा बाक जागा होऊन त्यांच्यामागे ओरडायचा. इतकी वर्षं हे असंच चाललेलं. पुढची मेंढी खड्ड्यात गेली तर मागच्या काही थांबून विचार करत नाहीत.

"एका मताचं बहुमत आहे आपलं," प्रतोद म्हणाले. "मतदानाच्या दिवशी भाऊ 'नाही' म्हणाले, तर आपलंच सरकार आपणच पाडू. आणि मग तुमचा पूलही गेला."

"तुम्ही सांगून बघा की त्यांना."

"सांगितलं. होय म्हणाल ना, म्हणून विचारलं."

"मग?"

आतून भाऊंचा आवाज आला, "कोण आलंय? आपल्या पक्षाचं आहे का?" प्रतोदांनी वहिनींपुढे हात जोडले.

त्या दिवसापासून वहिनींनी घरात शाळा काढली. नियम एकच. जे विचारलं जाईल त्याला 'होय' म्हणायचं, नाही तर ती वस्तू मिळणार नाही.

"जेवायला वाढू?"

"नाही," भाऊ पाटीपुढे बसलेल्या पोरासारखे ताटापुढे बसत म्हणाले.

वहिनींनी पातेल्यावर झाकण ठेवलं.

"अगं, म्हणजे वाढ."

"काय म्हणायचं?"

भाऊंनी तोंड उघडलं. ओठ 'हो'साठी गोल झाले, पण शब्द मधेच कुठंतरी अडकला. इतक्या वर्षांचा गंज होता. शेवटी पाण्याचा घोट घेऊन त्यांनी 'होय' बाहेर काढला, आणि तो इतका मोठा निघाला की शेजारच्या आमदारांनी "बोलावलंत का?" म्हणून खिडकीतून डोकं काढलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेपर्यंत भाऊ सुधारले. संध्याकाळी तर वहिनींनी प्रश्न संपवायच्या आतच त्यांचा 'होय' हजर होऊ लागला. वहिनी मनातून खूष झाल्या. एवढी वर्षं हे शिकवायचं आपल्याला सुचलं कसं नाही, असंही त्यांना वाटून गेलं. नवी चादर घ्यायची का, होय. मधल्या दाराला तेल घालाल का, होय. माझं चुकत नाही ना कधी, होय.

औषध लागू पडलं की माणूस मात्रा मोजत नाही. इथंच गडबड झाली.

पुढच्या सकाळी परीट आला. "साहेब, हा शर्ट तुमचाच ना?" भाऊ म्हणाले, होय. तो शर्ट शेजारच्या आमदारांचा होता आणि भाऊंच्या पोटावर त्याची बटणं पोचत नव्हती. मग शेजारचे आमदार आले, "भाऊ, दोन दिवस तुमची गाडी नेली तर चालेल?" होय. मग कुणी एक संपादक आले, "तुमच्या पक्षात फार गोंधळ आहे, असं म्हणतात. खरं आहे का?" होय. वहिनी बाजारातून परत आल्या तेव्हा दारात गाडी नव्हती, भाऊ आखूड शर्टात आरशापुढे पोट आत ओढून उभे होते, आणि टेबलावर चहाचे दोन रिकामे कप होते.

"कोण येऊन गेलं?"

"अर्थमंत्री," भाऊ म्हणाले. "फार चांगला माणूस. स्वतः आला घरी."

"आणि काय म्हणाला हा चांगला माणूस?"

"म्हणाला, पैसे सगळीकडे पुरत नाहीयेत. तेव्हा पूल यंदा अर्धा करू या का?"

वहिनींनी हातातली पिशवी खाली ठेवली. "आणि तुम्ही काय म्हणालात?"

भाऊंनी शर्टाचं न पोचणारं बटण ओढून पाहिलं. वहिनींना उत्तर ठाऊक होतं; त्यांनीच ते शिकवलं होतं.

"अर्धा म्हणजे अरुंद?"

"नाही नाही. रुंदीला पूर्ण. लांबीला अर्धा. नदीच्या मधोमध आपल्या मतदारसंघाची हद्द संपते. पुढचा काठ विरोधकांच्या आमदाराचा. त्याच्या हद्दीत आपण कशाला खर्च करायचा, असं अर्थमंत्र्यांचं म्हणणं. मलाही तेव्हा ते पटलं."

"म्हणजे मी पुलावरून मधोमध जायचं."

"हो."

"आणि तिथून?"

भाऊंनी थोडा विचार केला. "तिथून परत यायचं. हवा चांगली असेल तिथं."

वहिनींनी पदर खोचला, चष्मा नाकावर नीट बसवला आणि सरळ विधानभवन गाठलं. अर्थमंत्र्यांच्या खोलीपुढे ही रांग लागलेली. रांगेत सगळे त्यांच्याच पक्षाचे. एकाला खेळाच्या मैदानाला छप्पर हवं होतं, एकाला आपल्या गावच्या रुग्णालयापुढे कारंजं हवं होतं, आणि सगळ्यांत पुढे गाल फुगवून बसले होते ते रुसवे आमदार. त्यांचं खरं नाव आता त्यांच्या घरच्यांनाही पटकन आठवत नसे. सरकार आल्यापासून ते रुसलेलेच होते, आणि दर रुसव्याला काही ना काही पदरात पाडून घेत होते.

अर्थमंत्री वहिनींना पाहून उभे राहिले. कधीकाळी सभात्यागानंतर ते भाऊंबरोबर वहिनींच्या हातचं जेवायला येत, तेव्हा त्यांच्या चपलेचा अंगठा तुटलेला असे.

"वहिनी, बसा. तुम्हाला काय सांगू? एका मताचं बहुमत आहे. आणि आमच्यातला प्रत्येक जण समजतो, ते एक मत म्हणजे मीच."

"पुलाचा पलीकडचा भाग कुठं गेला?"

अर्थमंत्र्यांनी दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "पोहण्याच्या तलावात."

"कसल्या?"

"रुसव्यांच्या गावात पोहण्याचा तलाव. नाही दिला तर ते मतदानाला येणार नाहीत म्हणतात."

"त्यांच्या गावात नळाला पाणी नाही."

"ते त्यांनाही सांगितलं. ते म्हणाले, पाण्यासाठी पुढच्या वर्षी रुसू."

"म्हणजे आमच्या लोकांनी आधी रुसव्यांच्या गावी जाऊन पोहायला शिकायचं, मग आमच्या अर्ध्या पुलावर येऊन नदीत उडी मारायची आणि पलीकडे जायचं. असंच ना?"

"असं एकत्र करून पाहिलं नव्हतं," अर्थमंत्री म्हणाले. "पण वहिनी, भाऊ स्वतः होय म्हणालेत. आता पुस्तकं छापायला गेली."

वहिनी बाहेर पडल्या तर व्हरांड्यात प्रतोद वाट बघत उभे.

"बरं झालं भेटलात. तुमच्याकडेच निघालो होतो. भाऊ आता सगळ्यालाच होय म्हणायला लागलेत."

"तुम्हीच सांगितलं होतं शिकवायला."

"हो, पण एक 'नाही' शिल्लक ठेवायला पाहिजे होता. उद्या दोन मतदानं आहेत. पलीकडच्या काठाच्या विरोधी आमदारानं दुरुस्ती मांडली आहे. तलाव रद्द करा आणि पूल पूर्ण करा. विरोधकांची दुरुस्ती, म्हणजे तिला आपण 'नाही' म्हणायचं. लगेच पाठोपाठ अर्थसंकल्प, त्याला 'होय'. आधी नाही, मग होय. भाऊंना आज सकाळपासून समजावतोय. समजलं का विचारलं की होय म्हणतात, त्यामुळे काही कळतच नाही."

पलीकडचा आमदार त्यांच्या माहेरच्या गल्लीतला. लहानपणी तो त्यांच्या आईच्या अंगणातले पेरू चोरायचा. आज त्यानं पहिल्यांदाच त्या अंगणासाठी काही केलं होतं, आणि त्याला 'नाही' म्हणायचं होतं.

"तुम्ही उद्या प्रेक्षकांच्या सज्जात बसा," प्रतोद म्हणाले. "भाऊ तुमच्याकडे बघतील. चष्मा डोळ्यांवर असला तर होय. काढलेला असला तर नाही. हातवारे केले, रुमाल हलवला तर पहारेकरीण बाहेर काढते. चष्म्याला कुणाच्या बापाला हरकत घेता येत नाही. तुमची काळी जाड फ्रेम खालून स्वच्छ दिसते, मी बघून ठेवलंय. दुरुस्तीला चष्मा काढायचा, अर्थसंकल्पाला लावायचा. जमेल ना?"

"बघते," वहिनी म्हणाल्या.

प्रतोद समाधानानं गेले. बायकांच्या 'बघते'चा अर्थ त्यांना अजून कळायचा होता.

शेवटच्या दिवशी दुपारी सज्जा भरलेला होता. वहिनींना पुढच्या रांगेत जागा मिळाली. पहारेकरीण प्रत्येकाच्या पिशवीत डोकावत होती. वहिनींनी पिशवी उघडून दाखवली, आत चष्म्याचं घर आणि खोकल्याच्या गोळ्या.

खाली भाऊ बसले होते, तोच आखूड शर्ट घालून, कारण त्यांचा स्वतःचा शर्ट आता शेजारच्या आमदारांच्या अंगात होता. मान सज्जाकडे, मुद्रा फोटो काढून घेणाऱ्यासारखी. समोर विरोधकांच्या पहिल्या बाकावर जुन्या सरकारातले आजोबा डुलत होते. आजोबा सभागृहातले सर्वांत जुने सदस्य. जन्मभर सत्तेत होते. त्यांचा आवाज म्हणजे त्या बाजूचा भाऊंचा आवाज. सत्ता गेल्यापासून ते बहुतेक वेळ झोपूनच असत, आणि कुणी त्यांना उठवत नसे.

अध्यक्षांनी भराभर कागद उलटायला सुरुवात केली. वाचता वाचता त्यांचा श्वास संपत होता. शेवटी पुलाची दुरुस्ती आली.

"अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे."

प्रतोदांनी वर पाहिलं. भाऊंनी वर पाहिलं. वहिनींचा हात चष्म्याकडे गेला. खरंच गेला, पुढे कुणी विचारलं असतं तर त्यांनी हेच सांगितलं असतं. पण हात दांडीपर्यंत पोचला आणि त्यांना पलीकडच्या काठावरची दोरी दिसली, तिच्यावरची चादर दिसली, आणि ती एकटीनं पिळणारी आई दिसली. वहिनींनी चष्मा उलट आणखी घट्ट बसवला.

"होय," भाऊ गरजले.

त्यांच्यामागे सगळा सत्ताधारी बाक "होय" म्हणाला. मुख्यमंत्री म्हणाले, रुसवे आमदार तर सगळ्यांत जोरात म्हणाले, आणि मग काहीतरी आठवल्यासारखा त्यांनी आपल्याच तोंडावर हात ठेवला. विरोधकांची दुरुस्तीच होती, तेही "होय" म्हणाले. 'नाही' म्हणायला सभागृहात कुणी उरलंच नाही. दुरुस्ती एकमतानं मंजूर झाली. त्या अधिवेशनातला तो पहिला एकमताचा निर्णय होता, आणि दोन्ही बाजू एकमेकींकडे संशयानं बघायला लागल्या. पलीकडचा आमदार जागच्या जागी उभा राहिला. आपण काय चूक केली, असा त्याचा चेहरा झाला होता.

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांचा पूल, तो क्षणात झाला. डोळ्यांत पाणी आलं की चष्म्याच्या काचा धुरकटतात. वहिनींनी चष्मा काढला आणि पदरानं पुसायला घेतला.

"अर्थसंकल्प संमत करण्यात यावा," अध्यक्ष घाईघाईनं म्हणाले. "अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे."

भाऊंनी वर पाहिलं. चष्मा नव्हता. भाऊंनी ओठ घट्ट मिटले. भाऊ गप्प म्हणून बाक गप्प. प्रतोदांचा हात हवेत राहिला. सभागृहात अशी शांतता पसरली की भिंतीवरच्या घड्याळाला आपण फार बोलतोय असं वाटलं असेल.

आणि त्या शांततेनं आजोबांना जाग आली. गिरणी चालू असताना गिरणीवाला खुशाल झोपतो. ती थांबली की दचकून उठतो. आजोबांनी डोळे उघडले. कानात 'अर्थसंकल्प संमत करण्यात यावा' हे शब्द घोळत होते. जन्मभर ज्या वाक्याला त्यांनी एकच उत्तर दिलं, ते वाक्य उत्तरावाचून लोंबकळत होतं. आजोबांना ते सहन झालं नाही.

"होय," आजोबा म्हणाले, भरदार, खणखणीत, जुन्या दिवसांतल्यासारखं.

"होय," त्यांच्यामागचा सगळा बाक म्हणाला. विरोधी पक्षनेतेही म्हणाले.

"प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे," अध्यक्षांच्या तोंडून निघून गेलं. त्यांना थांबता आलं नाही.

"नाही," भाऊ म्हणाले, आणि त्या 'नाही'त एवढ्या दिवसांचा कोंडलेला जीव होता. त्यांच्यामागे अख्खं सरकार "नाही" म्हणालं.

वहिनींनी चष्मा डोळ्यांवर चढवून खाली पाहिलं तेव्हा कुणीच काही बोलत नव्हतं. सरकारनं स्वतःचा अर्थसंकल्प नाकारला होता आणि विरोधकांनी तो उचलून धरला होता. मोजणी मागायला कुणी उठेना. सरकारनं मागावी, तर 'नाही' म्हणणाऱ्यांत मुख्यमंत्र्यांचं नाव लागणार. विरोधकांनी मागावी, तर त्यांच्या नेत्यांचं 'होय' म्हणणाऱ्यांत. सगळ्यांचे डोळे अध्यक्षांकडे लागले. अध्यक्षांनी एकदा उजवीकडे पाहिलं, एकदा डावीकडे, आणि एका दमात म्हणाले, "होयचे बहुमत, होयचे बहुमत, अर्थसंकल्प संमत झाला, अधिवेशन संस्थगित." आणि ते इतक्या लगबगीनं आत गेले की मार्शलला त्यांच्यामागे पळावं लागलं.

व्हरांड्यात प्रतोद वहिनींकडे येताना दिसले तेव्हा वहिनींनी बोलणी खायची तयारी केली.

"माझं चुकलं भावजी. काचा पुसत होते."

"चुकलं?" प्रतोदांनी इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. "वहिनी, विरोधकांच्या तोंडून अर्थसंकल्प मंजूर करून घ्यायचा, हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं असतं का? मुख्यमंत्री म्हणतायत, ही युक्ती कुणाची? मी म्हटलं, पक्षाची."

तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं विरोधी पक्षनेते आले. प्रतोद पुढे सरकल्याचं बघून ते वहिनींपाशी थांबले आणि फार नम्रपणे म्हणाले, "पूल आमच्या दुरुस्तीमुळे पूर्ण झाला, हे लक्षात असू द्या. आणि एक विचारू का? भाऊ सारखे तुमच्या चष्म्याकडे बघत होते, ते मी पाहिलं. पुढच्या अधिवेशनात आमच्या आजोबांच्या समोरही कुणीतरी बसवायचं म्हणतोय. ही चष्म्याची पद्धत नवीन माणसाला किती दिवसांत जमते?"

रुसवे आमदार तेवढे दाराशी कुणाशीच न बोलता उभे होते. पण ते नेहमीच तसे उभे असत, त्यामुळे ते आता नक्की कशासाठी रुसलेत हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या सकाळी बातमी काठावर पोचली. आईचा फोन आला तेव्हा वहिनींनी रिसीव्हर कानाला लावून डोळे मिटले. आता आई काय म्हणते, ते त्यांना नीट ऐकायचं होतं.

"पूर्ण पूल झाला म्हणे," आई म्हणाली.

"मंजूर झाला, आई. पार पलीकडपर्यंत. आता मी चालत येईन, पाहिजे तेव्हा."

"तू येशील गं. तू आलीस तर मला हवंच आहे. पण मग तीही येईल."

"कोण?"

"कोण काय? तुझी सासू. इतकी वर्षं आम्हा विहिणींचं एका शब्दानं वाजलं नाही, ते का? मधे नदी होती म्हणून. आता ती रोज उठून माझ्याकडे येणार आणि माझ्या घरात काय कुठं ठेवायचं ते मला सांगणार. तू असं कर, जावयांना सांगून त्या पुलावर एक फाटक बसवून घे. आणि किल्ली माझ्याकडे दे."

वहिनींनी फोन ठेवला आणि तो लगेच पुन्हा वाजला. सासूबाई होत्या.

"सूनबाई, पूल झाला, छान झालं. पण तुझ्या आईला आता काय, मोकळं रान मिळालं. येऊन बसली की उठायची नाही. मी काय म्हणते, आपल्या बाजूला एखादं फाटक घालता आलं तर बघा."

भाऊ टेबलाशी बसून सगळं ऐकत होते. परीट नुकताच शर्ट बदलून देऊन गेला होता आणि स्वतःच्या शर्टात ते पुन्हा ऐसपैस झाले होते.

"म्हणजे पुढच्या अर्थसंकल्पात फाटक मांडायला लागणार," ते म्हणाले.

"दोन फाटकं," वहिनी म्हणाल्या. "एक या टोकाला, एक त्या टोकाला."

"आणि किल्ल्या कुणाकडे द्यायच्या? एकीला दिली तर दुसरी रुसेल."

वहिनींनी चष्मा काढला, काचेवर फुंकर घातली, पदरानं सावकाश पुसला आणि परत डोळ्यांवर लावला. भाऊ तेवढा वेळ श्वास रोखून बघत राहिले.

"दोन्ही माझ्याकडे," वहिनी म्हणाल्या.